हाताने ओळखावी वनश्री
(मावळात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी एक पाठ)

कार्ल्याच्या डोंगरावर श्री एकवीरा देवीच्या दर्शनासाठी पायऱ्या चढून आलेला भाविक मंदिरालगतच्या चैत्यगृहात सहसा डोकावतोच. तेथील स्तंभांवरील हत्तींकडे त्याचे लक्ष जाते. परंतु मान वर करून छताकडे पाहणारे थोडे असतात. त्या छताला लाकडी कमानींच्या फासळ्या आहेत, आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. स्तूपावरील छत्रही लाकडाचेच आहे. मावळचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला याचे विशेष वाटेल. कोणते झाड केव्हा तोडावे, त्याचे लाकूड कोठे टिकते व कोठे कुजते, हे ज्या कारागिरांना ठाऊक होते त्यांनी ते हाताळूनच जाणून घेतले होते.

वनस्पतींची ओळख हाताने होते, हे आपल्या पूजापद्धतीलाही अपरिचित नाही. श्रीगणेशाला वाहावयाची एकवीस पत्री, श्रीशंकराचा बेल, श्रीविष्णूची तुळस, दसऱ्याचा आपटा, वटपौर्णिमेचा वड ही सर्व एका अर्थाने घरोघरी चालणारी पाठशाळाच होती. हरतालिकेच्या दिवशी परसात, बांधावर व ओढ्याकाठी हिंडून पत्री गोळा करणाऱ्या मुलीला दहाव्या वर्षी वीस-पंचवीस झाडे पानांवरून ओळखता येत असत. आता पत्रीची बांधलेली जुडी विकत मिळते. तीत नेमके काय आहे हे विकणारा सांगू शकत नाही आणि घेणाराही विचारीत नाही. विधी राहिला, परंतु ओळख सुटली. ती पुन्हा जुळावी म्हणून पुढील प्रात्यक्षिके दिली आहेत. दर्शन आटोपल्यावर अर्धा-पाऊण तास ज्यांच्यापाशी असेल, त्यांनी ती मुलांसह अवश्य करून पाहावीत. कोणत्याही मंदिराच्या आवारात, शाळेत किंवा घराच्या गच्चीवरही ती करता येतात.

पान हाती घेऊन

पहिला पाठ पानांचा. बेलाचे पान घेऊन ते उजेडासमोर धरावे. पानात सुईच्या टोकाएवढे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी होत. पान चुरगळले की त्यांतील सुगंधी तेल बाहेर येते. लिंबाचे पान तसेच धरून पाहिल्यास तेच ठिपके आढळतात, कारण बेल आणि लिंबू एकाच कुळातील आहेत. माक्याचे पान तळहातावर चोळावे. हिरवा रस पाहता पाहता काळसर पडतो, आणि केसांच्या तेलात माका का घालीत असत याचा उलगडा होतो. आघाड्याच्या तुऱ्यावरून वरून खाली हात फिरवावा व मग खालून वर फिरवावा. बोटांना जो फरक जाणवेल त्यातच या वनस्पतीचा प्रवास दडलेला आहे, कारण तिची टोकदार फळे जनावरांच्या अंगाला आणि माणसांच्या वस्त्रांना चिकटून दूरवर जातात. यात्रेकरूच्या धोतराबरोबर आघाडा कित्येक क्षेत्रे फिरून आला असेल.

उंबराचे पिकलेले फळ मिळाल्यास ते फोडून पाहावे. 'उंबराचे फूल' म्हणजे कधीच न दिसणारी गोष्ट, असे आपण म्हणतो. वास्तविक ते फूल नव्हे तर शेकडो बारीक फुले त्या फळाच्या आतच असतात. आत चिलटासारखे कीटकही दिसतील. शहरातील मुले ते पाहून फळ टाकून देतात. तेथेच त्यांना थांबवून सांगावे, की हे किडे फळ नासवणारे नव्हेत. यांच्यावाचून उंबराला बी धरतच नाही. श्रीदत्तगुरूंच्या वृक्षाखाली बसून हे पाहिलेले मूल पुढे उंबरावर कुऱ्हाड चालताना सहसा गप्प राहत नाही.

आपट्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. दसऱ्याच्या आधीच्या दोन दिवसांत मावळच्या डोंगरांतून फांद्यांचे भारेच्या भारे शहरांकडे जातात. त्यांत आपट्याबरोबर कांचनाच्या फांद्याही मोठ्या प्रमाणात असतात, कारण दोन्हींची पाने जोडपानासारखी दुभंगलेली असतात व वरवर पाहणाऱ्याला ती एकच वाटतात. दोन्ही पाने शेजारी ठेवून बोटांनी तपासावीत. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला किंचित अधिक आणि पाठीमागून फिकट असते. कांचनाचे पान त्याच्या दुपटीहून मोठे व पातळ असते. एकदा ही तुलना केल्यावर चूक होत नाही. आपट्याचे झाड मुळात फार मोठे होत नाही व सावकाश वाढते. दरवर्षी फांद्या ओरबाडलेले झाड खुरटते. सोने म्हणून एक पान दिल्याने जे साधते, तेच फांदी दिल्यानेही साधते. ज्या देणगीदारांना दसऱ्यानिमित्त काही द्यावयाचे असेल त्यांनी आपट्याची रोपे तयार करण्यासाठी द्यावे, हे अधिक योग्य होईल.

पाने हाताळून शिकण्याची परंपरा या परिसरात आधुनिक विद्येनेही चालविली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे फादर संतापाव हे मूळचे स्पेनचे ख्रिस्ती धर्मगुरू. खंडाळ्याच्या घाटातील वनस्पती त्यांनी वर्षानुवर्षे पायी हिंडून गोळा केल्या आणि खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले व १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लोणावळा-खंडाळ्यास चिक्की व धबधब्यांसाठी येणाऱ्या हजारो पर्यटकांपैकी, ज्या दरीत ते उभे असतात तिच्यातील गवताझुडपांची नोंद इतक्या निगुतीने झाली आहे हे जाणणारे विरळाच.

तीन परातींचा प्रयोग

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत. पूर्वेकडे वडगाव-तळेगावपर्यंत येता येता तो झपाट्याने कमी होतो. इतके पाणी कोसळूनही मावळातील अनेक वाड्यांवर वैशाखात हंडे रांगेत लागतात, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना खरी वाटत नाही. तिचे कारण समजण्यासाठी तीन उथळ पराती पुरतात.

तिन्ही परातींत सारखीच माती भरावी. पहिलीतील माती उघडी ठेवावी. दुसरीत मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटे जाड थर द्यावा. तिसरीत गवताचे मुळांसकट काढलेले थापे बसवावेत. पराती एका बाजूने सारख्याच उंचीवर टेकवून खालच्या कडेशी एकेक पांढरे भांडे ठेवावे, व झारीने तिन्हींवर एकेक तांब्या पाणी घालावे. पहिलीतून पाणी लगेच आणि गढूळ वाहते; भांड्याच्या तळाशी गाळ साचतो. दुसऱ्या व तिसऱ्या परातीतून पाणी उशिरा, थोडे आणि पुष्कळसे निवळ येते, आणि झारी थांबल्यावरही काही वेळ ठिबकत राहते. हे ठिबकणे मुलांना मोजावयास लावावे. डोंगरातील झरा म्हणजे हेच ठिबकणे होय.

देवराईत हात न लावण्याचा जुना नियम या प्रयोगानंतर निराळाच दिसू लागतो. वाळकी फांदी उचलू नये, पडलेले पानही नेऊ नये, असे गावकरी सांगतात तेव्हा शहरातील पाहुण्यास ती भोळी समजूत वाटते. परंतु दुसऱ्या परातीतील थर तो हाच. पवन मावळातील आजिवली गावची वाघजाईची देवराई तेथील भेर्ली माडांमुळे अभ्यासकांना सुपरिचित आहे. भेर्ली माडाची पाने माशाच्या शेपटीसारखी असतात आणि तो एकदा पाहिला की विसरत नाही. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांची पद्धतशीर नोंद केली. त्याच काळात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या देवराईवर तोडीची पाळी आली असता ग्रामस्थांनी या अभ्यासकांची मदत मागितली. त्यांचे म्हणणे साधे होते: गावचा ओढा या राईतून येतो, राई गेली की पाणी जाईल. देवराई वाचली. तीन पराती न मांडताही गावाला प्रयोगाचा निष्कर्ष ठाऊक होता.

निर्माल्य आणि इंद्रायणी

लोणावळ्याजवळील कुरवंडे गावच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते. मावळातच तिला आंद्रा मिळते, आणि ती देहू व आळंदी ही क्षेत्रे करून तुळापूर येथे भीमेस मिळते. म्हणजे लोणावळा-कामशेतच्या बाजूस जे पाण्यात सोडले जाते, ते श्री तुकोबांच्या व श्री ज्ञानोबांच्या क्षेत्री पोहोचते. आळंदीत नदीवर पांढरा फेस तरंगत असल्याची छायाचित्रे अलीकडील वर्षांत वृत्तपत्रांतून सर्वांनी पाहिली आहेत. त्या फेसाचे मूळ प्रामुख्याने वस्त्यांच्या व कारखान्यांच्या सांडपाण्यात आहे. निर्माल्य बंद केल्याने नदी शुद्ध होईल असे भाविकांना सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु पाण्यात पडलेली फुलेही कुजताना त्यातील प्राणवायू घेतात, हार ज्या पिशवीतून सोडले जातात ती पिशवी कुजतच नाही, आणि सांडपाणी थांबविणे भाविकाच्या हाती नसले तरी ओंजळीतले निर्माल्य त्याच्याच हाती असते.

येथे हात चिखलात घालावेच लागतात. प्रथम निर्माल्य निवडावे. फुले, पत्री, दूर्वा व तुळशी एका परडीत. दोरा, तार, जर, चकाकणारा कागद, प्लॅस्टिक व वस्त्रे दुसरीत. नारळाच्या करवंट्या तिसरीत. हाराचा दोरा ओढून काढण्याचे काम मुलांना फार आवडते. एका हारात किती दोरा व किती कृत्रिम जर निघते हे एकदा पाहिलेला गृहस्थ पुढच्या वेळी साधा हार मागतो, हा या पाठाचा सर्वांत झटपट लाभ होय. तेल, तूप, दूध व रासायनिक रंगाचे कुंकू खतात घालू नये.

मग तळाला व बाजूला भोके असलेल्या डब्यात किंवा विटांच्या हौदात प्रथम नारळाच्या शेंड्या व काटक्या पसराव्यात. त्यांवर चार बोटे निर्माल्य, त्यावर तितकाच वाळक्या पानांचा थर आणि मूठभर जुने खत किंवा चांगली माती, असे थर देत जावे. ओले आणि वाळके यांचे प्रमाण साधणे हीच यातील कला आहे. नुसतीच फुले साचविली की ती चिकट होऊन घाण सुटते, व 'निर्माल्याचे खत करून पाहिले, जमले नाही' असे सांगणाऱ्या बहुतेकांची चूक एवढीच असते. ओलावा पुरेसा आहे की नाही हे पाहण्यास यंत्र लागत नाही. आतील मिश्रण मुठीत घट्ट दाबावे. बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई मध्यभागी खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढावी व हात लावून पाहावी. ती चांगलीच तापलेली लागते. हा ताप डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. वृद्ध भाविक स्त्रिया ती सळई हाती घेऊन शेजारणीला देतात आणि 'आत चूल पेटलीय जणू' असे म्हणतात, तेव्हा निराळे व्याख्यान देण्याची आवश्यकता राहत नाही. आठवड्याने मिश्रण खालीवर करावे. साधारण दोन ते तीन महिन्यांत त्याला पहिल्या पावसातील मातीचा वास येऊ लागला की खत तयार झाले असे समजावे.

पुण्यात गणेशोत्सवाच्या दिवसांत घाटांवर निर्माल्य कलश ठेवण्याची पद्धत आता रुळली आहे. कानपुरात गंगेत जाणाऱ्या मंदिरांतील फुलांपासून उदबत्त्या करण्याचा उद्योग उभा राहिला आहे. मोठ्या शहरांना ते शक्य आहे. लहान क्षेत्राला हौद व फावडे पुरे.

लावणीची दोरी

आषाढात मावळात आलेल्या यात्रेकरूस दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसतात, आणि दुकानांतून 'इंद्रायणी' तांदूळ मिळतो. हा तांदूळ नदीइतका प्राचीन आहे असे अनेकांना वाटते. तो वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाला व १९८७ साली प्रसारित झाला. आंब्याच्या मोहराचा वास देणारा जुना आंबेमोहोर १५७ आणि अधिक उत्पन्न देणारा आयआर ८ यांच्या संकरातून तो आला आहे. प्रसादाच्या भाताला जो सुवास येतो, तो आंबेमोहोराचा वारसा होय.

या भाताचा झाडांशी जो संबंध आहे तो पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. मावळात व कोकणात रोपे करण्याच्या जागी 'राब' भाजण्याची रीत आहे. शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून उन्हाळ्यात ते जाळतात. त्याने तणाचे बी मरते व राख खत म्हणून उपयोगी पडते. शेतकऱ्याची रीत अनुभवातून आलेली आहे, तिला नावे ठेवणे सोपे व अन्यायाचे आहे. तथापि राबासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात, आणि डोंगरउतारावरील कित्येक झाडे त्यामुळे खांबासारखी उभी दिसतात. डॉ. ना. कृ. सावंत यांनी विकसित केलेल्या 'चारसूत्री' भातशेतीत यावर एक मार्ग आहे. त्यात रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख देतात, पेंढा शेतात गाडतात, बांधावर वाढविलेल्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवितात, दोरीवर नियंत्रित लावणी करतात आणि चार चुडांच्या मध्ये खताची एक गोळी खोल खोचतात. शेतातलेच शेताला परत जाते व डोंगरावरील फांदीची गरज कमी होते.

यातील दोरीचे प्रात्यक्षिक कोणासही करता येते. जाड सुतळीवर २५ सेंटिमीटर व १५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर रंगाच्या खुणा कराव्यात. दोघांनी ती खाचरावर ताणून धरावी व इतरांनी प्रत्येक खुणेपाशी दोन-तीन रोपांची चूड लावावी. खाचर नसल्यास चिखल भरलेला लाकडी खोका व गवताच्या काड्याही चालतात. दहा चुडांनंतर पाठ बोलू लागते. ताटातील भात टाकू नये असा फलक भोजनगृहात लावलेला असतोच. परंतु लावणी करून आलेली पंगत त्या फलकाकडे पाहत नाही, तरीही पाने स्वच्छ असतात.

रोप देणाऱ्यांसाठी

वृक्षदान करू इच्छिणारे देणगीदार बहुधा आषाढ-श्रावणात येतात, खड्डा तयार असतो, छायाचित्र निघते. मावळात पावसाळ्यात लावलेले रोप जगविण्यास काहीच लागत नाही. प्रश्न कार्तिकानंतरचा आहे. पुढील सात-आठ महिने पाऊस नसतो, माघ-फाल्गुनात गवत वाळते, वणवा लागतो, गुरे मोकळी सुटतात. म्हणून शंभर रोपांचा खर्च देण्यापेक्षा दहा रोपांचे तीन वर्षांचे पाणी, कुंपण व जाळरेषा यांचा खर्च देणे हे अधिक मोलाचे दान होय. छायाचित्र तिसऱ्या वर्षी काढावे.

रोपे स्थानिक असावीत: आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, ऐन, करंज, उंबर, आपटा. वड-पिंपळ पवित्र असले तरी मंदिराच्या किंवा तटाच्या लगत लावू नयेत; त्यांची मुळे दगडी सांध्यांत शिरून जुने बांधकाम उकलतात. डोंगरमाथ्यावरील उघडे कातळ ओसाड दिसतात म्हणून त्यांवरही झाडे लावू नयेत. भाद्रपदात त्याच कातळांवर इवल्या फुलांचे गालिचे उमलतात. ती जागा त्यांची आहे.

ज्यांना रोप नेणे शक्य नाही त्यांनी बी न्यावे. जांभळाचे बी फळ खाल्ल्यावर त्याच आठवड्यात पेरावे; वाळवून ठेवलेले उगवत नाही. बहाव्याचे बी याच्या उलट. त्याचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. दोन बिया घ्याव्यात. एक खरखरीत दगडावर घासून कवच थोडे उघडे करावे, दुसरी तशीच ठेवावी, व दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. सकाळी घासलेली बी फुगलेली दिसेल. तीच पिशवीत अर्ध्या बोटाएवढी खोल पेरावी. पिशवी लावणीच्या वेळी तळाशी फाडून पूर्ण काढून टाकावी, तशीच पुरू नये. आणि ती पिशवी परतताना स्वतःबरोबर घेऊन जावी.